मराठीचे पाणिनी : दादोबा पांडुरंग



मराठीच्या तासाला व्याकरणाचा भाग सुरू झाला, की तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या कपाळाला आठ्या पडतात. लिंग, वचन, विभक्ती, प्रयोग! काटोलच्या बाजारात संत्री विकताना कोणी प्रयोग विचारतो का, असा प्रश्न तुमच्या मनात येतो. प्रश्न अगदी रास्त आहे. बाजारात तुम्ही बोलता ते गिऱ्हाइकाला समजते, गिऱ्हाईक बोलते ते तुम्हांला समजते आणि व्यवहार पुरा होतो. मग शुद्ध आणि अशुद्ध यांची एवढी चर्चा कशासाठी?

हा प्रश्न मनात ठेवूनच आज आपण एका थोर पुरुषाचे चरित्र वाचणार आहोत. मराठी भाषेचे व्याकरण मराठी मुलांसाठी मराठीतून लिहून काढण्याचे काम त्यांनी ऐन तरुणपणी केले. त्यांचे नाव दादोबा पांडुरंग तर्खडकर. प्राचीन काळी पाणिनी नावाच्या पंडिताने संस्कृत भाषेचे व्याकरण रचले. त्यावरून दादोबांना मराठीचे पाणिनी म्हणतात.

दादोबांचा जन्म 9 मे 1814 रोजी मुंबईत झाला. त्यांचे घराणे मूळचे वसईजवळच्या तर्खड गावचे. म्हणून आडनाव तर्खडकर. वडिलांचे नाव पांडुरंग आणि आईचे यशोदा. हे घर विद्येचे होते. दादोबांचे एक भाऊ आत्माराम पुढे नामांकित डॉक्टर झाले आणि 1867 साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष झाले. दुसरे भाऊ भास्कर यांनी 1841 साली एका इंग्रजी वर्तमानपत्रात पत्रे लिहून इंग्रज सरकारच्या कारभारावर कडक टीका केली. त्या काळी असे लिहायला मोठे धाडस लागे.

दादोबा लहान होते तेव्हा मराठी शाळांची स्थिती कशी होती, हे समजल्यावाचून त्यांच्या कामाची किंमत कळणार नाही. मुले पंतोजींच्या शाळेत जात. तेथे अक्षरे गिरवणे, पाढे, हिशेब आणि पाठांतर एवढाच अभ्यास असे. कचेरीतले लेखन मोडी लिपीत चाले. मराठी ही आपली भाषा, ती आपल्याला येतेच, तिचे व्याकरण कशाला शिकायचे, असेच सर्वांना वाटे. व्याकरण म्हणजे संस्कृतचे, ही समजूत पक्की होती.

गंमत अशी, की मराठीच्या व्याकरणाची गरज आधी परक्यांना भासली. विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याने 1805 साली बंगालमधील श्रीरामपूर येथून मराठीचे व्याकरण इंग्रजीत छापले. त्यानंतर 1825 साली मुंबईत महंमद इब्राहीम मखबा यांनी मराठीचे एक व्याकरण लिहिले. होय, मराठीच्या सुरुवातीच्या व्याकरणकारांत एक मुसलमान विद्वानही आहेत. हे तुम्हांला कोणी सांगितले नसेल, म्हणून मुद्दाम सांगितले. परंतु ही पुस्तके इंग्रज साहेबांना मराठी शिकता यावी यासाठी होती. मराठी मुलाच्या हातात देण्याजोगे चांगले पुस्तक अजून व्हायचे होते.

दादोबा इंग्रजी शिकले, संस्कृत शिकले. त्या काळच्या इंग्रजी शाळांत लिंडले मरे यांचे व्याकरण शिकवीत. त्यात नाम, सर्वनाम, क्रियापद अशी शब्दांची वर्गवारी आणि वाक्यरचनेचे नियम होते. इंग्रजीला नियम आहेत, संस्कृतला नियम आहेत, मग मराठीला का नसावेत? हा विचार दादोबांनी हाती घेतला आणि तडीस नेला. ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ हे त्यांचे पुस्तक 1836 साली प्रसिद्ध झाले. त्या वेळी दादोबांचे वय होते अवघे बावीस वर्षांचे! तेव्हा आपले काटोल नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते आणि मुंबईचे पुस्तक इकडे पोचायला अजून बराच काळ जायचा होता.

आता तुम्ही म्हणाल, स्वतःच्या मातृभाषेचे व्याकरण लिहिण्यात कठीण ते काय? करून पाहा. ‘मैं ने रोटी खाई’ असे तुम्ही घरात रोज म्हणता. मुलगा असो वा मुलगी, दोघेही ‘खाई’ म्हणतात. असे का? रोटी हा शब्द स्त्रीलिंगी आहे आणि येथे क्रियापद खाणाऱ्याच्या मागे न जाता रोटीच्या मागे जाते, म्हणून. हा नियम तुम्ही दोन-तीन वर्षांचे असल्यापासून पाळता, पण कोणी विचारला तर सांगता येत नाही. भाषा येणे वेगळे आणि भाषेचा नियम सांगता येणे वेगळे. दादोबांपुढे हेच काम होते. लाखो लोक जे नकळत पाळत होते, ते त्यांना शोधून शब्दांत मांडायचे होते.

मराठीतही तीच रीत आहे. मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळे खाल्ले. यालाच कर्मणी प्रयोग म्हणतात. नाव अवघड आहे, पण गोष्ट तुमच्या ओळखीची आहे. फरक एवढाच, की उर्दूत ‘मैं ने’ म्हणावे लागते, तर मराठीत ‘मी’ आणि ‘तू’ यांना ‘ने’ लागत नाही. ‘त्याने’, ‘तिने’ मात्र म्हणावे लागते. म्हणून तुमच्या वह्यांत ‘मीने अभ्यास केला’ असे वाक्य सापडते. ते अज्ञानातून येत नाही, उर्दूच्या नियमातून येते. आणखी एक उदाहरण पाहा. उर्दूत ‘माँ ने लड़के को उठाया’ आणि ‘माँ ने लड़की को उठाया’, दोन्हीकडे क्रियापद तेच राहते. मराठीतही ‘आईने मुलाला उठवले’ आणि ‘आईने मुलीला उठवले’. हा झाला भावे प्रयोग. परीक्षेत ज्याची तुम्हांला भीती वाटते तो भावे प्रयोग तुम्ही जन्मापासून घरात बोलत आला आहात!

खरी अडचण लिंगाची आहे. उर्दूत दोनच लिंगे, मराठीत तीन. शिवाय एकच शब्द दोन्ही भाषांत असला, तरी त्याचे लिंग बदलते. आवाज उर्दूत स्त्रीलिंगी आहे, मराठीत तो आवाज. दुकान उर्दूत स्त्रीलिंगी, मराठीत ते दुकान. शहर आणि पाणी उर्दूत पुल्लिंगी, मराठीत ते शहर, ते पाणी. याला कारण विचारू नका. भाषेत रूढी हेच कारण असते. म्हणून मराठी शब्द पाठ करताना एकटा पाठ करू नये, त्याच्या आधी तो, ती किंवा ते लावूनच पाठ करावा.

तुमच्या भाषेत व्याकरणाला कवाइद म्हणतात, म्हणजे नियम. हाच अरबी शब्द मराठीत आला, त्याची झाली कवायत आणि ती मैदानावर जाऊन उभी राहिली! उर्दूची कवाइदही एका माणसाने एका दिवसात केलेली नाही. इंशाअल्ला खान इंशा यांनी ‘दर्या-ए-लताफत’ हा ग्रंथ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फारसीत लिहिला. पुढे बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक यांची ‘कवाइद-ए-उर्दू’ 1914 साली प्रसिद्ध झाली. मौलवीसाहेबांच्या आयुष्याची बरीच वर्षे औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, गेली.

दादोबांकडे परत येऊ. व्याकरण प्रसिद्ध झाले त्याच सुमारास दादोबा माळव्यातील जावरा संस्थानात नवाबाचे शिक्षक म्हणून काम करीत होते. मराठीचे व्याकरण रचणारा हा तरुण मराठी मुलखापासून इतक्या दूर, एका मुसलमान संस्थानिकाच्या दरबारी शिकवीत होता. परक्या भाषेच्या लोकांत राहिले, की आपल्या भाषेकडे माणूस अधिक लक्षपूर्वक पाहू लागतो असे मला वाटते. उर्दू माध्यमात शिकताना मराठी शिकणाऱ्या तुम्हांला हा अनुभव उलट बाजूने येतच असेल.

त्यानंतर दादोबा सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक झाले. तेथे 1844 साली दुर्गाराम मेहताजी आदी मित्रांबरोबर त्यांनी मानवधर्म सभा स्थापन केली. ईश्वर एक आहे आणि सर्व माणसांची जात एक आहे, असे या सभेचे मत होते. पुढे मुंबईत परमहंस सभा निघाली. तिच्यात निरनिराळ्या जातींचे लोक गुप्तपणे एकत्र बसून जेवत. आज यात विशेष वाटणार नाही, पण त्या वेळी हे उघडकीला येते तर जातीबाहेर टाकले जाण्याचे संकट होते.

सन 1846 मध्ये दादोबा मुंबईला आले आणि शिक्षक तयार करणाऱ्या वर्गाचे प्रमुख झाले. आज आम्ही शिक्षक डी.एड., बी.एड. करतो, तसलाच तो वर्ग. येथे त्यांचे व्याकरण खऱ्या अर्थाने कामाला आले. गावोगावच्या शाळांत जाणाऱ्या पंतोजींची बोली वेगवेगळी होती. कोणी कोकणातला, कोणी देशावरचा, कोणी खानदेशचा. प्रत्येकाने आपापल्या तऱ्हेने लिहिले, तर पुस्तके कोणत्या भाषेत छापायची? कारकुनाने अहवाल कोणत्या भाषेत लिहायचा? छापील पुस्तके आणि सरकारी शाळा आल्या आणि सर्वांनी एका धाटणीने लिहिण्याची गरज निर्माण झाली. पुण्याकडच्या शिकलेल्या मंडळींच्या बोलीचा त्यासाठी आधार घेतला गेला. तीच पुढे प्रमाणभाषा झाली. दादोबांसारख्यांच्या पुस्तकांनी आणि मेजर कँडीसारख्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीने तिला आकार आला. मराठी लेखनात स्वल्पविराम, पूर्णविराम ही चिन्हे रुळवण्याचे श्रेयही या कँडीसाहेबांना देतात.

सन 1852 मध्ये दादोबांची नेमणूक अहमदनगर येथे डेप्युटी कलेक्टर म्हणून झाली. पुढे भिल्लांच्या बंडाच्या वेळी केलेल्या कामाबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. व्याकरणकार आता कचेरीत बसला. कचेरीत काय येते? अर्ज, दस्तऐवज, जबान्या, हुकूम. येथे व्याकरणाची खरी परीक्षा होते. ही दोन वाक्ये नीट वाचा. सलीमने रशीदला पाचशे रुपये द्यायचे आहेत. सलीमला रशीदने पाचशे रुपये द्यायचे आहेत. शब्द तेच, माणसे तीच, रक्कम तीच. फक्त ‘ने’ आणि ‘ला’ यांनी जागा बदलल्या आणि कर्जदार सावकार झाला! हेच बोलताना तुमचे चुकले, तर समोरचा माणूस लगेच विचारतो, तुम्ही बोट दाखवून सांगता आणि भागते. पण कागद पुढे गेला, की त्याच्याबरोबर तुम्ही जात नाही. तहसील कचेरीतला कारकून तुमचा अर्ज वाचतो तेव्हा तुम्ही तेथे नसता. तुमच्या वतीने तेथे फक्त तुमचा ‘ने’ आणि तुमचा ‘ला’ हजर असतात. बाजारातल्या बोलण्याला आणि कचेरीतल्या लिहिण्याला एकच माप लावता येत नाही, ते यामुळे.

दादोबांचा आणखी एक गुण सांगायला हवा. आपले पुस्तक म्हणजे दगडावरची रेघ, असे त्यांनी मानले नाही. पहिल्या आवृत्तीनंतर त्यांनी विचार चालू ठेवला आणि 1850 साली सुधारलेली दुसरी आवृत्ती काढली. पुढेही आवृत्त्या निघत राहिल्या. लहान मुलांसाठी त्यांनी वेगळे ‘लघु व्याकरण’ लिहिले. पिढ्यान् पिढ्या मराठी मुले दादोबांचे व्याकरण शिकून मोठी झाली.

मोठ्या माणसाच्या पुस्तकावर टीकाही मोठीच होते. त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान असलेले पुण्याचे विद्वान कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी ‘शालापत्रक’ मासिकात निबंध लिहून दादोबांच्या कित्येक मतांवर आक्षेप घेतले. पुढे मोरो केशव दामले यांनी 1911 साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात आधीच्या सर्वांची मते तपासून पाहिली. म्हणजे व्याकरणकारांचेही आपसांत एकमत नाही! मुलांनो, हे ऐकून तुम्हांला थोडे बरे वाटले असेल.

परंतु व्याकरणाचा दुसरा एक उपयोगही त्याच काळात झाला आणि तो सांगितल्याशिवाय हा पाठ खरा होणार नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले. शूद्र आणि अतिशूद्र समाजावर झालेल्या अन्यायाची ती कैफियत होती. कृष्णशास्त्र्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री चिपळूणकर हे त्या वेळचे नामवंत लेखक. त्यांनी आपल्या ‘निबंधमाला’ मासिकात फुल्यांच्या लेखनाची थट्टा केली आणि त्यांच्या भाषेतील चुका दाखवल्या. फुले यांनी विचारलेला प्रश्न बाजूला राहिला आणि चर्चा त्यांच्या शुद्धलेखनावर आली. व्याकरण अर्थ स्पष्ट करण्यासाठी असते. ते एखाद्याचे तोंड बंद करण्यासाठी वापरले, तर दोष वापरणाऱ्याचा. आज महाराष्ट्र सरकारने फुल्यांचे समग्र वाङ्मय छापले आहे आणि विद्यापीठांत ते अभ्यासले जाते. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. फुले यांचे लेखन कोठे मोडके वाटले तरी कोण कोणावर अन्याय करतो, हे त्यात कोठेही धूसर नाही. कर्ता आणि कर्म त्यांनी कधी अदलाबदल होऊ दिले नाहीत!

आता आपल्या घरच्या मराठीकडे वळू. काटोल, नरखेड, सावनेर या भागात आपण जी मराठी ऐकतो ती वऱ्हाडी वळणाची आहे. येथे ‘मला’ऐवजी ‘मले’ आणि ‘तुला’ऐवजी ‘तुले’ म्हणतात. मुली ‘मी आली’ म्हणतात, पुस्तकात ‘मी आले’ असते. इकडे एक संत्रा आणि दोन संत्रे, तर पुस्तकी मराठीत एक संत्रे आणि दोन संत्री. हे अशुद्ध आहे का? नीट पाहा. ‘मले’ म्हणणारा माणूस ‘तुले’ही म्हणतो आणि ‘रामाले’ही म्हणतो. कधी ‘ले’ आणि कधी दुसरेच काही, असा गोंधळ तो करीत नाही. म्हणजे वऱ्हाडीलाही पक्के व्याकरण आहे, फक्त ते दादोबांच्या पुस्तकात आले नाही. तुमच्या मराठी शेजाऱ्याशी बोलताना ‘मले’ म्हणा, त्याला आपलेपणा वाटेल. नोकरीच्या अर्जात मात्र ‘मला’ लिहा, कारण तो अर्ज कोल्हापूरचा किंवा रत्नागिरीचा अधिकारीही वाचणार आहे. आईसाठी एक भाषा, मित्रांसाठी दुसरी आणि मुलाखतीसाठी तिसरी, असे तुम्ही आजही करता. उर्दू, वऱ्हाडी आणि पुस्तकी मराठी अशा तीन तऱ्हा ज्याला सांभाळाव्या लागतात, त्याला व्याकरण एकाच भाषेत वाढलेल्या मुलापेक्षा लवकर उमगायला हवे. वर्गात मला हे अनेकदा दिसतेही. ‘ने’ आणि ‘को’ यांच्या शेजारी ‘ने’ आणि ‘ला’ मांडून दाखवले, की तुमचे चेहरे उजळतात.

दादोबांच्या काळची मराठी आज जशीच्या तशी राहिलेली नाही. त्या वेळी नांव, कांहीं, घरांत असे कितीतरी शब्द अनुस्वार देऊन लिहीत. उच्चारात न येणारे हे अनुस्वार 1962 साली ठरलेल्या नव्या लेखननियमांनी गेले. 1972 साली त्या नियमांत आणखी चार नियमांची भर पडली. मराठीच्या या पाणिनीने लिहिलेली वही आजच्या परीक्षकापुढे ठेवली, तर तो प्रत्येक ओळीवर लाल शाई चालवील!

सरकारी कामातून निवृत्त झाल्यावरही दादोबांनी लेखणी खाली ठेवली नाही. मोरोपंत कवींच्या ‘केकावली’ या काव्यावर त्यांनी विस्तृत टीका लिहिली आणि तिला आपल्या आईवडिलांच्या नावांवरून ‘यशोदापांडुरंगी’ असे नाव दिले. धर्माविषयीही त्यांनी ग्रंथ लिहिले. 17 ऑक्टोबर 1882 रोजी त्यांचे निधन झाले. मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी एक त्यांचे आहे. ते त्यांच्या हातून पुरे झाले नाही. अ. का. प्रियोळकर यांनी ते संपादित केले, त्याला उरलेल्या आयुष्याची हकीकत जोडली आणि 1947 साली ते प्रसिद्ध केले. तुमच्या तालुक्याच्या वाचनालयात ते मिळाले, तर पहिली काही पाने जरूर वाचा. भाषा जुनी आहे, पण एक वाक्य दोनदा वाचले, की अर्थ लागतो.